शाल लावणीला, व्याज फडाला

गेल्या माघात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात लावणीचा महोत्सव झाला. प्रस्तुत लेखक त्याला श्रोता म्हणून हजर होता. दीपप्रज्वलन झाले, पाऊण तास भाषणे झाली आणि 'महाराष्ट्राच्या मातीचा सुगंध' हा शब्दप्रयोग निरनिराळ्या वक्त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकावा लागला. नंतर नऊवारी नेसलेल्या मुलींनी ध्वनिमुद्रित गाण्यांवर नृत्ये केली. मुली मेहनती होत्या, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मध्यंतरात तीन वृद्ध कलावंतांना शाल व श्रीफळ देण्यात आले. त्यांतील एक ढोलकीवाले रंगमंचाच्या कडेला मांडीवर ढोलकी घेऊन अखेरपर्यंत बसून होते. त्यांचा हात ढोलकीवर एकदाही पडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना चहाच्या गाडीवर गाठले. ते म्हणाले, "सर, मी घरून ढोलकी सुरात लावून आणली होती. इथं आल्यावर सांगितलं, गाणं यंत्रावर आहे, तुम्ही वाजवलंत तर लय चुकेल. नुसती मांडीवर घेऊन बसा, फोटो चांगला येतो." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावलांना लय पुरवली त्याला लय चुकेल म्हणून गप्प बसवायचे, आणि त्या गप्प बसण्याला सत्कार म्हणायचे, अशी आपली सांस्कृतिक नीती झाली आहे. या नीतीचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख आहे. हिशेब हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नसून अर्थशास्त्राचा आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्यास मुलीकडे असताना जावयांनी क्यूबातील जुन्या नृत्यसंगीताच्या एका मैफलीचे चित्रमुद्रण दाखविले. माझे संगीताचे ज्ञान बेताचेच. परंतु त्या मैफलीतील वाद्यवृंदांच्या वयांनी मला थक्क केले. 'सेप्तेतो नासिओनाल' हा वृंद इग्नासिओ पिन्येइरो या संगीतकाराने १९२७ मध्ये उभा केला. 'ओर्केस्ता आरागोन' १९३९ मध्ये सिएनफुएगोस या बंदराच्या गावी निघाला. 'लोस व्हान व्हान' त्या मानाने तरुण, म्हणजे १९६९चा. संस्थापक गेले, त्यांचे शिष्य गेले, काही ठिकाणी मुलगे व नातू वाजवू लागले, पण वृंद मोडला नाही. बासरी, व्हायोलिन, ढोल आपापल्या जागी आहेत आणि ते प्रत्यक्ष वाजविले जातात. कोणी मांडीवर घेऊन बसत नाही.

या संगीताचा उगम पाहिला तर आपल्या ओळखीचे जग दिसू लागते. 'सोन' नावाचा त्यांचा गानप्रकार त्या बेटाच्या पूर्व भागात जन्मला. स्पॅनिश तंतुवाद्य आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा ताल यांचा तो संकर. त्या गुलामांना आणले होते मुख्यतः उसासाठी. १८८६ मध्ये तेथे गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस राहिला. ऊसतोड संपल्यावर येणाऱ्या बेकारीच्या महिन्यांना तेथे 'मेलेला काळ' म्हणत. हवानातील प्रतिष्ठितांनी या काळ्यांच्या संगीताला आधी नाक मुरडले, त्याच्यावर बंधने आणली, आणि पुढे तेच संगीत देशाचा मानबिंदू म्हणून मिरविले. ऊस, हंगाम, बेकारी, तुच्छता आणि मग मिरवणूक हा क्रम राहुरी, संगमनेर वा श्रीरामपूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

फरक पडला तो पुढे. क्रांतीनंतर क्यूबाच्या सरकारने वादकाला पगारी कामगार मानले. वृंदांना राज्याच्या संस्थांशी जोडून घेतले, संगीताच्या शाळा काढल्या आणि वादनाला वेतन देऊ केले. या धोरणाचा मी भाट नाही. जेथे दुसरा पक्ष काढता येत नाही आणि सरकारविरुद्ध गाणाऱ्याला गप्प केले जाते, त्या राज्याशी लोकशाही समाजवाद्याचे कधीच पटणार नाही. शिवाय सोविएत संघराज्य कोसळल्यावर क्यूबाची जी उपासमार झाली तिच्यात वादकही होरपळले. १९९६ मध्ये ज्या जुन्या गायक-वादकांना एकत्र करून 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' ही जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका निघाली, त्यांतील इब्राहिम फेरेर हा गायक त्या वेळी बूटपॉलिश करीत होता. म्हणजे विस्मरणाचा रोग तेथेही आहे. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. वृंद ही टिकवण्याची वस्तू आहे आणि वादक हा कामगार आहे, एवढे त्या गरीब देशाने तत्त्वतः मान्य केले. आपण नृत्याला मान्यता दिली, आणि ते नृत्य ज्या फडात जगते त्या फडाला वाऱ्यावर सोडले.

आपल्याकडे फडांची परंपरा क्यूबापेक्षा कमी जुनी नाही. रंगभूमीवर पहिल्यांदा उभी राहिलेली तमाशातली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते ती पवळा आमच्याच जिल्ह्यातील, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावची. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, ब्राह्मण्य सोडून तिच्या साथीने फड गाजविला. तुकाराम खेडकर १९६४ मध्ये गेल्यावर ज्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला त्या कांताबाई सातारकर संगमनेरच्याच झाल्या, आणि त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी तो फड पुढे चालविला. चंद्रकांत ढवळपुरीकरांचे गाव पारनेर तालुक्यातले. घाट ओलांडला की नारायणगाव, जिथे भाऊ-बापूंचा फड आणि पुढे विठाबाई. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही फड चालविला. तीन-तीन पिढ्यांचे हे इतिहास आहेत. त्यांच्यासाठी कोणा परदेशी निर्मात्याने ध्वनिमुद्रिका काढण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

विठाबाईंचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ आपण लावीत नाही. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना पदके मिळाली. खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, मागे राहुटीत बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती अशी वाचावी : एक स्त्री कामगार, प्रसूतीची रजा नाही, बदली कामगार नाही, आणि खेळ बंद पडला तर सुपारीचे पैसे बुडतील ही भीती. २००२च्या जानेवारीत त्या वारल्या. अखेरच्या आजारातील देण्यासाठी देणगीदारांना पुढे यावे लागले. त्यानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी औषधाला नाही आणि मेल्यावर नावाने पुरस्कार, ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की त्यात कोणाला विसंगती दिसत नाही.

आता फडाचा हिशेब. येथे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. संगीत बारीच्या स्त्रिया कलाकेंद्रांत बसून गातात-नाचतात, त्यांचे प्रश्न वेगळे आणि अधिक जटिल आहेत. मी बोलतो आहे ते तंबूच्या, ढोलकी फडाच्या तमाशाविषयी. मोठा फड म्हणजे शंभराच्या घरातील माणसांचा फिरता कारखाना. त्यात सरदार, सोंगाड्या, नृत्य करणाऱ्या स्त्रिया, ढोलकी-हलगी-तुणतुण्याचे वादक, झीलकरी ही दिसणारी माणसे. आणि राहुट्या-कनाती ठोकणारे बिगारी, आचारी, ट्रकचालक, विजेच्या यंत्रावरचा माणूस ही न दिसणारी. दसऱ्याला नारळ फुटतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. आज एका गावी खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, ट्रकमध्येच झोपायचे, दुपारी दुसऱ्या गावी तंबू उभा करायचा. पावसाळ्यात कमाई नाही. क्यूबाचा 'मेलेला काळ' आमच्याकडे आषाढ-श्रावणात येतो.

या रिकाम्या महिन्यांत कलावंताने खायचे काय? तो फडमालकाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगाम तिला बांधला जातो. मालक ही उचल आणतो कोठून? सावकाराकडून. आमच्या भागातील वाचकाला ही रचना लगेच ओळखू येईल, कारण ऊसतोड मजुराची रचना हीच आहे. मुकादमाच्या जागी फडमालक ठेवा, कोयत्याच्या जागी घुंगरू ठेवा, दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडणे आणि उचलीच्या ओझ्याखाली परत येणे सारखेच. फरक इतकाच की फडमालक स्वतःही बहुधा त्याच जातीतला, त्याच वस्तीतला आणि त्याच कर्जात बुडालेला असतो. त्यामुळे येथे मालकाविरुद्ध मजूर अशी पाठ्यपुस्तकी मांडणी करून भागत नाही. शोषणाची कडी फडाच्या बाहेर आहे.

व्याजाचा दर घ्या. शेकडा तीन रुपये महिना हा दर खेड्यापाड्यांतील सावकारीत कोणाला आश्चर्याचा वाटत नाही. त्याचे वर्षाचे होतात ३६ टक्के. फडाने हंगामापूर्वी २० लाख रुपये उचलले असे समजा, तर आठ महिन्यांचे नुसते व्याज ४ लाख ८० हजार होते. ज्या यात्रांना पाऊस झाला, निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली किंवा गावात एखादा मृत्यू झाला म्हणून खेळ रद्द झाला, त्यांचे नुकसान वेगळे. याच महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि ते योग्यच आहे. मग हंगामावर जगणाऱ्या दुसऱ्या धंद्याला बँकेचे दार बंद का? उत्तर साधे आहे. फडाकडे सातबारा नाही. त्याच्याकडे तारण ठेवायला आहे तो जुना ट्रक, कापडाचा तंबू आणि माणसांचा गळा. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे यांनी प्रवरेच्या काठी सहकाराचा प्रयोग उभा केला तो सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडविण्यासाठी. त्या प्रयोगाच्या हाकेच्या अंतरावर फड आजही सावकाराच्या दारात उभा आहे, आणि सहकाराने त्याच्यासाठी काही केले असेल तर ते इतकेच, की कारखान्याच्या कार्यक्रमाला लावणी बोलावली. मी स्वतः तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले. ग्रामीण पतपुरवठ्यावर शेकडो तास बोललो असेन. फडाच्या उचलीचे उदाहरण वर्गात एकदाही दिले नाही, हे येथेच कबूल करतो.

करोनाने हे सारे उघडे पाडले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चैत्र-वैशाखाच्या यात्रा झाल्या नाहीत. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, तो बाजारच भरला नाही. कारखान्याच्या कामगाराला निदान भविष्यनिर्वाह निधी होता. फडाच्या कलावंताच्या नावावर फक्त मागील उचल होती. कांताबाई सातारकर त्याच साथीत, मे २०२१ मध्ये गेल्या. श्रद्धांजल्या पुष्कळ आल्या.

सरकार म्हणेल, आम्ही वृद्ध कलावंतांना मानधन देतो, फडांना अनुदान देतो. मानधन २०२४ पासून महिना ५,००० रुपये झाले, हे खरे. परंतु ते वृद्धाला आहे, गरिबाला आहे आणि निवड समितीच्या मर्जीचे आहे. कलावंत असल्याचे पुरावे मागितले जातात. ज्याने आयुष्यभर ट्रकच्या हौद्यात झोप काढली त्याने जुन्या जाहिराती आणि छायाचित्रे कोठे जपून ठेवायची होती? अनुदान हे तर अनुग्रहाचे दुसरे नाव. हक्क तो, जो वर्षाच्या ठरलेल्या दिवशी कोणापुढे हात न जोडता मिळतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : आजचा तमाशा पूर्वीचा राहिला कोठे? वग गेला, उरली सिनेमाची गाणी आणि शिट्ट्या. मग तो वाचवायचा कशासाठी? हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा चैत्रात एखाद्या खेड्यातला खेळ पाहावा, पण घड्याळ हातात घेऊन. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातून काही थोडे दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि ते दिवस प्रामुख्याने शहरी उत्सवांच्या वाट्याला जातात. माझा नियमाला विरोध नाही. आजाऱ्याला व विद्यार्थ्याला झोप हवी. पण परिणाम पाहा. शेतकरी धारा काढून, जेवून तंबूत येतो साडेआठ-नऊला. गण आणि गवळण होते न होते तोच पोलीस उभा राहतो. पूर्वी मध्यरात्री सुरू होऊन तांबडे फुटेपर्यंत चालणारा वग, ज्यात सोंगाड्या राजाच्या तोंडावर त्याची अब्रू काढीत असे, तो वेळेअभावी प्रथम कापला जातो. तासाभरात तिकिटाचे पैसे वसूल करून द्यायचे तर सिनेमाचे गाणे उरते. म्हणजे तमाशातील विचार काढून टाकणारी व्यवस्था आपण उभी करायची आणि मग तमाशात विचार उरला नाही म्हणून नाके मुरडायची.

अश्लीलतेचा आक्षेप तर जुनाच. स्वातंत्र्याच्या उषःकाली तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठविली. त्या अटीचा जाच सोसला तो फडांनी. त्याच लावणीवर शहरी नाट्यगृहांत आणि चित्रपटांत इतरांनी पैसे मिळविले, तेव्हा ती अश्लील राहिली नाही, ठसकेबाज झाली.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्या मित्रांकडून येतो. पठ्ठे बापूरावांनी पवळेच्या खेळांचे उत्पन्न महाडच्या सत्याग्रहाला देऊ केले असता डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. दलित स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा दलितमुक्तीला नको, हा त्यातला अर्थ. आज महार, मातंग, कोल्हाटी घरांतील शिकलेल्या मुली म्हणतात, आमच्या आजीची घुंगरे आमच्या पायात बांधून तुमची परंपरा टिकवू नका. हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. ज्या घरातील मुलीला फडात जायचे नाही तिला शाळा, वसतिगृह आणि नोकरी मिळालीच पाहिजे. परंपरेच्या नावाने तिला कोणी मागे ओढू नये. पण जी आज फडात आहे तिचे काय? तिला भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतीची रजा आणि आजारात औषध देण्याने जात टिकते असे कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. जात टिकते ती तिच्या उचलीने. उचल फिटली की तिला फड सोडता येतो, आणि तिथेच राहायचे तर मान वर करून राहता येते. सफाई कामगाराचा पगार वाढला म्हणून जातिव्यवस्था बळकट झाली, असा युक्तिवाद आपण कधी केला नाही.

आता घरातले बोलतो. आम्ही समाजवादी मंडळींनी तमाशावर प्रेम केले, यात शंका नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वग आणि गवळण उचलून गावोगाव लोकशिक्षण केले. पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे' त्याच वातावरणातले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले ही माणसे आम्हांला अभिमानाची. तिकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावट्याखाली तेच केले. पण खरे बोलायचे तर आम्ही फडाचा बाज घेतला आणि फडातली माणसे बाहेर ठेवली. आमच्या मंचावर गवळण झाली, तिच्यात सुशिक्षित घरांतल्या मुली उभ्या राहिल्या, विनोद स्वच्छ झाला. नारायणगावच्या राहुटीतली बाई मात्र तेथेच राहिली, तिच्या उचलीसकट. हमालांची संघटना बांधली, विडी कामगारांचे मोर्चे काढले, फडांच्या कामगारांची यादीसुद्धा केली नाही. त्यांना आम्ही कलावंत म्हटले, आणि कलावंत म्हटल्याने ते कामगारांच्या यादीतून आपोआप गळाले. हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही.

करता काय येईल, हे शोधायला क्यूबाला जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालासाठी मंडळ स्थापन झाले, मालकाकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली गेली आणि तीतून निधी, रजा, औषधपाणी उभे राहिले. १९८१ मध्ये संसदेने चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. अलीकडे ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आणि गाळपाच्या टनामागे रक्कम घेण्याचे ठरले. फडाच्या कामगाराचा मालकही रोज बदलतो : आज या गावची यात्रा समिती, उद्या त्या गावची. सुपारीच्या रकमेवर आणि तिकिटावर लेव्ही घ्यावी, तेवढीच भर सरकारने घालावी आणि प्रत्येक कलावंत-बिगाऱ्याची नोंद करावी. फडाला हंगामी भांडवल जिल्हा बँकेने पीककर्जाच्या धर्तीवर द्यावे. सुपारीचा करार हेच त्याचे तारण मानता येईल. आणि ध्वनिक्षेपकाच्या सवलतीचे काही दिवस यात्रेच्या गावांना वाटून द्यावेत. यात क्रांती कोठेच नाही. जे हमालाला दिले ते ढोलकीवाल्याला द्यायचे आहे.

सरकारकडे मागणी करण्यापूर्वी घरी प्रयोग करावा म्हणून मी आमच्या तालुक्यातील एका यात्रा समितीच्या बैठकीला गेलो. सुपारीच्या रकमेवर शेकडा पाच रुपये जास्त द्यावेत आणि ते मालकाच्या हाती न देता कलावंतांच्या नावे बँकेत भरावेत, असे सुचविले. समितीतील बहुतेक मंडळी माझे विद्यार्थी. त्यांनी आदराने ऐकून घेतले. मग एकाने विचारले, "सर, पाच टक्के जास्त द्यायचे तर गाणी जास्त मिळतील का?" दुसरा म्हणाला, गेल्या वर्षी डीजेवाल्याने यापेक्षा कमी घेतले होते. कुस्त्यांच्या इनामात वाढ करण्याचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. माझी सूचना पुढच्या बैठकीवर ठेवली आहे. ती बैठक पाडव्याच्या आधी, नारायणगावला सुपारी द्यायला जाण्यापूर्वी आहे, आणि त्या ढोलकीवाल्यांना मी तिला बरोबर घेऊन जाणार आहे. ढोलकी सुरात लावून आणा, असे त्यांना कळविले आहे.